प्रवाळबेटावरचे पाहुणे



या व्याख्यानमालेत यापूर्वी संतसाहित्यापासून सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीपर्यंत अनेक विषयांवर जाणकारांनी भाषणे दिली आहेत. त्या मानाने माझा आजचा विषय थोडा आडवाटेचा आहे. मी साहित्यिक नाही. बत्तीस वर्षे शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवले, एवढेच माझे भांडवल. तरीही मंडळाने बोलावले, याबद्दल आभार मानते आणि विषयाला हात घालते.

आपण वडोदेकर. समुद्र आपल्या गावात नाही. आपल्यापैकी बहुतेकांची समुद्राशी पहिली ओळख झाली ती कमाटीबागेतल्या संग्रहालयात, त्या प्रचंड देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे राहून. माझीही तशीच झाली. दुसरी ओळख घरातली. आमच्या दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, गणपती आणि चांदीच्या अत्तरदाणीच्या मध्ये, एक पांढरा, खडबडीत, फांद्याफांद्यांचा तुकडा ठेवलेला असे. वडिलांनी द्वारकेच्या बाजूला गेले असताना तो किनाऱ्यावरून आणला होता. कोणी विचारले की आई म्हणायची, "पोवळ्याचा दगड आहे तो."

म्हणजे समुद्र माझ्यापर्यंत आला तो वाळून, पांढरा होऊन, कपाटात बसवलेला. आपल्या भाषेतही तसेच झाले आहे. पोवळे म्हटले की अंगठी आठवते, मंगळ आठवतो. प्रवाळ म्हटले की वैद्यांचे भस्म आठवते. गंमत अशी, की संस्कृतात 'प्रवाल' या शब्दाचा आणखी एक अर्थ कोवळी पालवी असा आहे. त्या अर्थात जिवंतपणा होता. आपण मात्र दगड तेवढा घरी आणला.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस मी ते जिवंत प्रवाळ पहिल्यांदा पाहिले, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे. पण ती केवळ प्रवासवर्णन म्हणून नव्हे. तिथून परत आल्यावर एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे, आणि तो आपणा सर्वांपुढे ठेवायचा आहे.

माझी मुलगी ब्रिस्बेनला असते. तिच्याकडे गेले असताना तिने तीन दिवसांचा बेत आखला होता. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला समांतर सुमारे 2,300 किलोमीटर पसरलेली ग्रेट बॅरिअर रीफ आपण पुस्तकात वाचतो. तिच्या अगदी दक्षिण टोकाशी लेडी एलियट नावाचे बेट आहे. बुंडाबर्ग या गावापासून समुद्रात सुमारे 80 किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारे 45 हेक्टर, म्हणजे आपल्या कमाटीबागेएवढेच म्हणा ना! पायी प्रदक्षिणा घालायला तासभर पुरतो.

बेटाच्या नावात आपल्याकडचा एक धागा आहे. 'लेडी एलियट' हे भारतातून सिडनीला गेलेले जहाज. 1816 साली त्या जहाजावरून कप्तान थॉमस स्ट्यूअर्ट यांना हे बेट दिसले आणि जहाजाचेच नाव बेटाला मिळाले. हे कळल्यावर मला उगाचच बरे वाटले. माणूस परक्या ठिकाणी ओळखीची खूण शोधतोच.

तिथे जायचे ते लहानशा विमानाने. सामान मोजून घेतात आणि आपल्यालाही वजनकाट्यावर उभे करतात. विमान खाली झुकले तेव्हा निळ्या पाण्यात एक हिरवा ठिपका, त्याभोवती फिक्या निळ्या रंगाची किनार, आणि ठिपक्याच्या मधोमध गवताची धावपट्टी दिसली. त्याच गवतावर आम्ही उतरलो.

दार उघडताच आधी आला तो आवाज आणि पाठोपाठ वास. दोन्ही पक्ष्यांचे. आपल्याकडे संध्याकाळी वडावर साळुंक्या जमतात तेव्हा जो कलकलाट होतो, तो दिवसभर आणि चहूबाजूंनी चालू आहे अशी कल्पना करा. वासाबद्दल फार बोलत नाही. एवढेच सांगते, की नात नाक धरून म्हणाली, "आजी, तू म्हणाली होतीस बेट सुंदर असतं." त्या वासाला पुढे फार महत्त्व येणार आहे, म्हणून आत्ताच त्याचा उल्लेख करून ठेवते.

हे पक्षी मुख्यतः नॉडी. सुरय पक्ष्यांच्या कुळातले, काळसर अंगाचे, डोक्यावर पांढुरकी टोपी असलेले. जोडीदारापुढे मान डोलावण्याची त्यांना सवय असते, त्यावरून हे नाव पडले. त्यांची वीण ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा झाडाझाडांवर पिल्ले होती. घरटे म्हणजे वाळकी पाने एकावर एक ठेवून स्वतःच्या विष्ठेने चिकटवलेली थाळी. ती आमच्या खांद्याच्या उंचीवर होती. हात लांब केला असता तर पिल्लाला लागला असता, पण पक्षी हलत नव्हते. माणसाला भिण्याचे कारण त्यांना गेल्या काही पिढ्यांत कोणी दिलेले नाही.

एका झुडपाखाली जमिनीवरच लाल शेपटीचा ट्रॉपिकबर्ड बसला होता. शुभ्र, रेशमी अंगाचा, शेपटीला दोन लांब लाल पिसे. त्याच्यापासून दूर राहण्यासाठी आम्ही वाट सोडून वळसा घातला. जेवणाच्या टेबलापाशी पट्टेरी पाणकोंबड्यांसारखे रेल पक्षी आमच्या ताटावर डोळा ठेवून फिरत. किनाऱ्यावर खडे उलटवून किडे टिपणारे टर्नस्टोन दिसले. ते उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे येतात. हाच जातीचा पक्षी हिवाळ्यात आपल्या कच्छच्या आखातातही उतरतो. परक्या बेटावर गाववाला भेटावा तसे वाटले.

संध्याकाळी तिथल्या मार्गदर्शक मुलीने आम्हाला बेटाचा इतिहास सांगितला, आणि त्या वासाचा उलगडा झाला.

समुद्रपक्षी लांबवर जाऊन मासे पकडतात आणि बेटावर येऊन विष्ठा टाकतात. हजारो वर्षे ती साचत जाते. तिला ग्वानो म्हणतात. त्यात नत्र आणि फॉस्फरस भरपूर. एकोणिसाव्या शतकात रासायनिक खते आजच्यासारखी नव्हती, तेव्हा शेतीसाठी या ग्वानोला सोन्यासारखी किंमत होती. अमेरिकेने तर 1856 साली असा कायदा केला, की तिच्या नागरिकाला कुठेही बेवारस ग्वानोचे बेट सापडले तर ते अमेरिकेच्या वतीने ताब्यात घेता येईल. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी राष्ट्रे बेटे ताब्यात घेत होती!

लेडी एलियटवर ही खणती 1863 ते 1873 अशी दहा वर्षे चालली. झाडे तोडली आणि वरची माती काही ठिकाणी मीटरभर खोल खरवडून जहाजांत भरून नेली. जे काही हिरवे उरले ते माणसांनी सोडलेल्या शेळ्यांनी फस्त केले. मागे राहिले ते प्रवाळाच्या तुकड्यांचे उघडेबोडके मैदान आणि एक दीपगृह. 1873 साली उभारलेले ते दीपगृह आजही आहे. पुढची जवळजवळ शंभर वर्षे बेट तसेच उजाड पडून होते.

श्रोतेहो, इथे मला आपल्या जुन्या घरातली एक गोष्ट आठवली. आजोबांनी पै पै जोडून ठेवलेले एखादा नातू दहा वर्षांत उडवतो, आणि मग पुढच्या तीन पिढ्या ते भरून काढत बसतात. या बेटाचे तेच झाले. प्रवाळाच्या चुऱ्यावर आपोआप माती तयार होत नाही. तिथली माती म्हणजे पक्ष्यांची ठेव. ती उचलली की झाड उगवत नाही. झाड नाही तर झाडावर घरटे करणारा नॉडी येत नाही. पक्षी नाही तर खत नाही, आणि खत नाही तर माती नाही. हे चक्र एकदा तुटले की ते जोडायला कोणीतरी बाहेरून हात लावावा लागतो.

तो हात 1969 मध्ये लागला. डॉन अ‍ॅडम्स नावाच्या वैमानिकाने तिथे धावपट्टी केली आणि झाडे लावायला सुरुवात केली. सुरूची झाडे, केवड्याच्या जातीची झाडे, खाऱ्या वाऱ्याला टिकणारी झुडपे. पुढे आलेल्यांनी ते काम सोडले नाही. आज परकी झाडे हळूहळू काढून मूळची लावण्याचे काम चालू आहे. त्यात पिसोनिया नावाचा वृक्ष मुख्य आहे. हा वृक्ष गुलबक्षी, बोगनवेल आणि आपली औषधी पुनर्नवा यांच्या कुळातला. पुन्हा नवे करणारी ती पुनर्नवा! हे मी नातीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हे बेट पण पुनर्नवा." माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढे चपखल उत्तर कोणत्या विद्यार्थ्याने दिल्याचे आठवत नाही.

पण पिसोनियाचीही एक बाजू आहे. त्याची बी चिकट असते. ती पक्ष्याच्या पिसांना चिकटून दुसऱ्या बेटावर जाते आणि तिथे रुजते. कधी मात्र बिया इतक्या चिकटतात, की पक्ष्याला उडताच येत नाही आणि तो झाडाखालीच मरतो. असा एक पक्षी आम्ही पाहिला. नात रडवेली झाली. "आपण काढू या ना बिया," म्हणाली. मार्गदर्शक मुलीने शांतपणे सांगितले, की या झाडाचा आणि पक्ष्याचा हिशेब आपल्यापेक्षा जुना आहे. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे ठरवणे सोपे नसते.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायची वेळ आली. मला पोहता येत नाही. तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख आणि वर तरंगते जाकीट. तो पोशाख अंगावर चढवणे हे नऊवारी नेसण्यापेक्षा कठीण, एवढेच सांगते. मुलगी म्हणाली, "आई, नुसतं तोंड पाण्यात घाल आणि श्वास घे." पहिले दोन-तीन वेळा नाकातोंडात पाणी गेले. उतरण्याआधी मिळालेल्या सूचना मात्र पाठ झाल्या होत्या: प्रवाळावर उभे राहायचे नाही, कशालाही हात लावायचा नाही, कासवाचा पाठलाग करायचा नाही, मेलेला शिंपलाही उचलायचा नाही.

मग एकदा श्वासाची लय सापडली आणि मी खाली पाहिले.

काय दिसले ते सांगते, सजवून सांगत नाही. फांद्यांचे प्रवाळ, ताटांसारखे पसरलेले प्रवाळ, मेंदूसारख्या वळ्यांचे गोल प्रवाळ. रंग तपकिरी, पिवळसर, जांभळे, हिरवे. पांढरा रंग जवळजवळ कुठेच नव्हता. आमच्या कपाटातला तो तुकडा मला तिथे ओळखूच आला नसता. पोपटमासे प्रवाळाचे खडक चोचीने कुरतडत होते आणि त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. त्यांच्या पोटातून जाऊन बाहेर पडणारी भुकटी म्हणजेच वाळू. एक हिरवे कासव माझ्या खालून गेले, घाई नाही, भीती नाही. परत फिरताना चांदणीच्या चादरीसारखा एक मांटा रे मासा दिसला. पंख तीन मीटर तरी असतील. त्याच्या पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्यांच्या छायाचित्रांवरून संशोधक एकेका मांटाची नोंद ठेवतात.

मी शिकवत असे, की प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव अगदी लहान, चुन्याचे घर बांधणारा. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हातून अन्न करते आणि भाडे म्हणून घरमालकाला देते. प्रवाळाचा रंग बहुतांशी त्या शैवालाचा. हे फळ्यावर कितीदा लिहिले असेन. पाण्यात मात्र ते प्रथमच खरे वाटले.

आता त्या वासाकडे परत येते. हिंदी महासागरातील चागोस बेटांवरच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष 2018 साली 'नेचर' या नियतकालिकात आला. काही बेटांवर जहाजांतून उंदीर पोहोचले होते आणि त्यांनी पक्षी संपवले होते. काही बेटांवर उंदीर नव्हते आणि पक्षी भरपूर होते. संशोधकांना असे आढळले, की पक्ष्यांच्या बेटांभोवतीच्या प्रवाळात माशांचे एकूण वजन सुमारे 48 टक्क्यांनी जास्त होते. पक्ष्यांची विष्ठा पावसाबरोबर समुद्रात उतरते आणि प्रवाळाच्या परिसराला पोसते. म्हणजे सकाळी दुर्बीण घेऊन पाहायचे पक्षी आणि दुपारी मुखवटा लावून पाहायचे मासे, ही दोन वेगळी दृश्ये नव्हेत. एकच घर आहे, वरचा मजला आणि खालचा मजला. ज्यांनी 1863 साली वरच्या मजल्यावरची माती नेली, त्यांनी खालच्या मजल्यालाही हात लावला होता. त्यांना ते ठाऊक नव्हते इतकेच.

शेवटच्या रात्री आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. दिवे लावायचे नाहीत हा नियम, कारण अंड्यातून निघालेली कासवाची पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी भलतीकडे जातात. जमिनीतल्या बिळांतून शीअरवॉटर पक्षी तान्ह्या बाळासारखे रडत होते. पहिल्यांदा ऐकले तर अंगावर काटा यावा असा तो आवाज. एवढ्यात नातीने माझा हात दाबला. वाळूतून चमच्याएवढी काळी पिल्ले निघून पाण्याकडे धावत होती. आम्ही श्वास रोखून बसलो. कोणी एकाही पिल्लाला उचलले नाही.

इथपर्यंत सगळे गोड आहे. आता तो प्रश्न.

या बेटाला संरक्षण देण्यात काही कमी नाही. ऑस्ट्रेलियाने 1975 साली या प्रवाळरांगेसाठी स्वतंत्र कायदा केला. 1981 साली ती जागतिक वारसा ठरली. लेडी एलियटभोवती मासेमारीला पूर्ण बंदी आहे. राहणाऱ्या पाहुण्यांची संख्या मर्यादित, वीज मुख्यतः सूर्याची, पिण्याचे पाणी समुद्राचे. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाददुसऱ्या अंशाने अधिक काळ तापले, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. उष्णता लवकर ओसरली तर ते सावरते, नाही तर मरते. या प्रवाळरांगेवर अशी मोठी लाट 1998, 2002, 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 साली आली. पहिल्या दोन लाटांनंतर चौदा वर्षांची उसंत होती. आता ती उसंत फार थोडी असते. 2024 साली तर आजवर बऱ्यापैकी बचावलेल्या दक्षिण भागालाही जबर झळ बसली.

गरम पाण्याला प्रवेशबंदीची पाटी वाचता येत नाही. आणि ते पाणी तापवणाऱ्या धुरात माझ्या विमानाचाही धूर आहे. भारतातून ब्रिस्बेन, तिथून बेट. 'हात लावू नका' हा नियम मी अक्षरशः पाळला, आणि तरीही न कळत हात लावून आले. मग जावे की न जावे?

मी बराच विचार केला. पूर्ण समाधान करणारे उत्तर मला सापडले नाही. पण एक सांगू शकते. तिथे मी जे शिकले ते आधी घराजवळ शिकायला हवे होते, आणि त्यासाठी विमान लागत नव्हते.

कच्छच्या आखातात, जामनगरजवळ, आपल्या देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. 1980 साली अभयारण्य झाले, 1982 साली राष्ट्रीय उद्यान. पिरोटन बेट त्यातच येते. नरारा इथे तर ओहोटीच्या वेळी पायी चालत जाऊन डबक्यांत जिवंत प्रवाळ पाहता येते. मुखवटाही लागत नाही. आणि कबूल करायला हवे, की मी तिथे गेले होते. वीसेक वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन. मुलांना एक समुद्रतारा दाखवायच्या उत्साहात मी ठरलेली वाट सोडून चार पावले आत गेले. पायाखाली कुडुमकुडुम आवाज झाला. माझ्यामागे चाळीस मुले आली. मी शिकवायला नेले आणि तुडवून आले. तेव्हा तो आवाज दगडाचा वाटला होता. लेडी एलियटवर पाण्यात तरंगताना मला तोच आवाज आठवला, आणि तो दगडाचा नव्हता हे कळले.

आपण इथे पिढ्यान् पिढ्या राहिलो आहोत. दुसऱ्यांच्या गावात पाहुणे म्हणून आलो, आणि माती धरून राहिलो. पाहुण्याने कसे वागावे हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही: चपला बाहेर काढायच्या, यजमानाच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, मुक्काम बेताचा ठेवायचा, आणि निघताना काही नेण्यापेक्षा काही ठेवून जायचे. प्रवाळबेटावरचे सगळे नियम एवढ्यात येतात. फक्त यजमान कोण हे ओळखावे लागते.

आता आमच्या कपाटातल्या तुकड्याविषयी सांगून थांबते. 2001 साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळखडक बांधणारी प्रवाळे घातली गेली. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. वडिलांनी तो तुकडा आणला तेव्हा हा कायदा नव्हता, आणि त्यांच्या मनात काही वाईटही नव्हते. परत आल्यावर मी तो कपाटातून काढला. जामनगरच्या वनखात्याला पत्र लिहिले आहे, की हा कुठे आणि कसा जमा करायचा ते कळवावे. उत्तराची वाट पाहते आहे. तोवर तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. कपाटात त्याची जागा रिकामी आहे. पाहुणे विचारतात, इथे काय होते? मग मी त्यांना हीच गोष्ट सांगते, जी आज आपल्याला सांगितली.